वाल्डेमार हाफकिन : लस आणि नोंदवही

मुंबईत परळला हाफकिन नावाची संस्था आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. निदान सर्पदंशावरच्या औषधाच्या निमित्ताने तरी हे नाव खेड्यापाड्यांत पोचलेले आहे. परंतु हाफकिन हे एका माणसाचे नाव होते, आणि हा माणूस इंग्रज नव्हता, भारतीय नव्हता, इतकेच काय, रोग्यांची नाडी पाहणारा डॉक्टरही नव्हता, हे मला स्वतःला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. रशियातून बाहेर पडलेला हा ज्यू तरुण १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि मधली काही वर्षे वगळता १९१५ पर्यंत येथे राहिला. त्यांनी शोधलेल्या लशींबद्दल शास्त्र शाखेतील मित्रमैत्रिणींना माझ्यापेक्षा अधिक सांगता येईल. प्रयोगशाळेतील एक बाटली हजारो माणसांपर्यंत नेण्याच्या कामावर त्यांनी देखरेख कशी ठेवली आणि त्या देखरेखीच्याच प्रश्नावरून त्यांच्यावर कोणता प्रसंग ओढवला, हे मला या लेखात सांगायचे आहे.

वाल्डेमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म मार्च १८६० मध्ये काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा येथे झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉफ यांच्यासारखे गुरू लाभले. पांढऱ्या रक्तपेशी रोगजंतूंना गिळतात हा सिद्धान्त मांडणारे आणि पुढे १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे तेच हे मेचनिकॉफ. विद्यार्थिदशेत हाफकिन झारविरोधी चळवळीत ओढले गेले. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा वस्तीचे रक्षण करणाऱ्या तरुणांत ते होते. त्यात ते जखमी झाले, पकडले गेले, आणि मेचनिकॉफ यांनी शब्द टाकल्यामुळे सुटले. शिक्षण पुरे झाले, पण अध्यापकाची जागा हवी असेल तर ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागेल अशी अट पुढे आली. त्यांनी ती नाकारली. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे नोकरी केल्यावर १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात थोडे शिकविले, आणि १८८९ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे लुई पाश्चर यांच्या नव्या संस्थेत मेचनिकॉफ आधीच पोचले होते. संशोधकाची जागा शिल्लक नव्हती, म्हणून या पदवीधराने तेथे ग्रंथपालाची नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात प्रयोग सुरू केले.

त्यांनी हाती घेतला तो पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा रोग. गिनिपिगांच्या शरीरांतून जंतू एकामागून एक नेऊन त्यांनी ते अधिक जहाल केले, आणि दुसऱ्या बाजूला उष्णता देऊन ते सौम्यही केले. सौम्य जंतू आधी आणि जहाल मागाहून टोचायचे, अशी ती पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी स्वतःच्या शरीरात ही लस टोचून घेतली. ताप आला, उतरला. मग तीन रशियन मित्रांनी टोचून घेतली. पण पॅरिसच्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना चार माणसांच्या अनुभवावरून काही सिद्ध झाले असे वाटले नाही, आणि ते रास्तच होते. लस निरुपद्रवी आहे एवढेच त्यावरून कळले होते. ती रोग टाळते की नाही हे कळायला पटकीची साथ असलेला देश हवा होता. पॅरिसमध्ये त्या वेळी लॉर्ड डफरिन हे इंग्लंडचे राजदूत होते. ते पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असल्याने पटकी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या मध्यस्थीने हाफकिन यांना हिंदुस्थानात येण्याची परवानगी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले.

पुढच्या दोन सव्वादोन वर्षांत ते आग्र्यापासून आसामातील चहाच्या मळ्यांपर्यंत फिरले. एप्रिल १८९३ ते जुलै १८९५ या काळात ४२ हजारांहून अधिक माणसांना त्यांनी लस टोचली. कोणावरही सक्ती केली नाही. एवढा मोठा आकडा ऐकून आपण थक्क होतो, पण हाफकिन स्वतः त्यावर समाधानी नव्हते. कारण टोचून झालेल्या कित्येक गावांत नंतर साथच आली नाही. साथ आली नाही तर लशीचा गुण कसा कळणार? शिवाय लष्करी छावणीतली माणसे बदलून जात, टोचलेला कोण आणि न टोचलेला कोण हे सहा महिन्यांनी सांगणार कोण?

याचे उत्तर त्यांना कलकत्त्याच्या बस्त्यांत सापडले. मातीच्या झोपड्या, मध्ये एक तळे, त्याच तळ्याचे पाणी पिण्याला आणि त्यातच धुणी. दरवर्षी तेथे पटकी हटकून येई. कलकत्त्याचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्सन यांनी त्यांना बोलाविले. १८९४ च्या वसंतात काटालबागान बस्तीत सुमारे दोनशे माणसांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर बस्तीत पटकीचे जे रोगी निघाले ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते. घर तेच, पाणी तेच, अन्न तेच, फरक फक्त सुईचा. घरोघर जाऊन नाव, वय, टोचल्याची तारीख आणि पुढे काय झाले याची नोंद ठेवण्याचे काम बंगाली डॉक्टरांनी त्यांच्याबरोबर केले.

येथे थोडे विषयांतर करते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी मावशी गावात आशा कार्यकर्ती आहे. तिच्या पिशवीत लशीपेक्षा वह्याच जास्त असतात, आणि त्या वह्यांना घरातले सगळे हसत असत, मीसुद्धा. कोणत्या बाळाला कोणता डोस कधी दिला, कोण माहेरी गेली, कोण ऊसतोडीला गेले, हे सगळे तिने लिहिलेले असते. हाफकिन यांचे चरित्र वाचल्यावर त्या वह्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. काटालबागान बस्तीत जे काम झाले त्याचा अर्धा भाग सुईने झाला आणि अर्धा वहीने.

मलेरियाने तब्येत ढासळल्यामुळे १८९५ मध्ये ते युरोपात गेले आणि बरे होताच १८९६ मध्ये परत आले. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. प्लेगच्या आठवणी आपल्याकडे अजून पुसलेल्या नाहीत. जुनी माणसे गाठीचा ताप म्हणत. उंदीर मरून पडू लागले की गाव उठून माळावर झोपड्यांत जाई. मुंबईतून लाखो माणसे आपापल्या गावी पळाली आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलाविले. ऑक्टोबरात ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली.

ती तयार करण्याची रीत मोठी मजेदार आहे. जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले तर हिंदू आणि मुसलमान दोघेही लस नाकारतील, म्हणून त्यांनी बोकडाचे मांस वापरले. त्या रसावर साजूक तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या थेंबांना धरून जंतूंच्या वाढीचे तंतू खाली लोंबकळू लागत. चंबू हलविला की ते तळाशी जात आणि वर नवे तंतू धरत. असे सुमारे सहा आठवडे चाले. मग उष्णतेने जंतू मारून, वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालून लस बाटल्यांत भरायची. आपल्या स्वयंपाकघरातले तूप एवढ्या मोठ्या शास्त्रीय कामाला आले हे वाचून मला तरी गंमत वाटली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लसही प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, आणि तीही १० घन सेंटीमीटर, म्हणजे पुढे लोकांना देण्यात आली त्याच्या तिपटीहून जास्त. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. दीडशेच्या आसपास कैदी स्वेच्छेने टोचून घ्यायला पुढे आले. टोचण्याच्या दिवशीच ज्यांच्या अंगात रोग दिसत होता असे तीन कैदी दगावले. परंतु त्यानंतर टोचलेल्यांत फक्त दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले, तर न टोचलेल्यांत बारा जणांना झाला आणि सहा मेले. कैद्यांवर प्रयोग करावा की नाही हा प्रश्न आज आपण विचारू, आणि विचारायलाच हवा. तुरुंगातला माणूस स्वेच्छेने पुढे आला असे म्हणताना ती स्वेच्छा कितपत खरी होती? हाफकिन यांच्या काळात हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नव्हता. त्यांना तुरुंग सोयीचा वाटला तो हिशेबासाठी. सगळ्यांचे अन्न सारखे, काम सारखे, आणि कोणी पळून जाणार नाही.

याच दिवसांत पुण्यात काय घडत होते ते मराठी वाचकांना सांगायला नको. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, माणसे ओढून इस्पितळात आणि छावण्यांत नेली गेली. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. मुंबईत त्याच्या आधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. सरकारी औषधोपचार म्हणजे जुलूम, असे लोकांच्या मनात बसले होते. अशा वेळी त्याच सरकारचा एक परदेशी नोकर सुई घेऊन दारात उभा राहतो आणि टोचून घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा असे म्हणतो, याचे मोल मोठे आहे. मुंबईच्या खोजा समाजाचे प्रमुख आगाखान तेव्हा विशीतले होते. त्यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, आणि त्यांच्या अनुयायांनी हजारोंच्या संख्येने त्यांचे अनुकरण केले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. सोजिरांना न जमलेले काम एका पुढाऱ्याच्या उघड्या दंडाने केले.

आकडे गोळा करण्याची हाफकिन यांची चिकाटी मात्र दिवसेंदिवस वाढत गेली. पोर्तुगिजांच्या ताब्यातील दमणमध्ये १८९७ साली २,१९७ माणसांना टोचले होते, त्यांपैकी ३६ मेली. न टोचलेली ६,०३३ होती, त्यांपैकी १,४८२ मेली. एवढ्यावर दुसरा कोणी विजयोत्सव केला असता. पण टीकाकारांनी एक शंका काढली. टोचून घेणारे लोक मुळातच सुस्थितीतले, स्वच्छ घरांत राहणारे असतील, म्हणून वाचले असतील. ही शंका बिनतोड होती. हाफकिन यांनी ती झटकून टाकली नाही. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरे गावी त्यांनी प्रत्येक घराचे दोन भाग केले. बाप टोचला तर भाऊ नाही, एक मूल टोचले तर दुसरे नाही, दुबळी आणि धडधाकट माणसे दोन्हीकडे सारखी. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला तेथील टोचलेली माणसे ७१ होती. त्यांत ८ जणांना रोग झाला आणि ३ मेली. त्याच घरांतली न टोचलेली ६४. त्यांत २७ जणांना रोग झाला आणि २६ मेली. हा हिशेब मी दोनदा वाचला. एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांतला हा फरक आहे. आणि तो वाचताना त्या चौसष्टांत आपण असतो तर, हा विचारही मनात आल्यावाचून राहत नाही.

१८९८-९९ मध्ये सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने हाफकिन यांच्या लशीची बारकाईने तपासणी केली. लस उपयोगी आहे, तिने रोग आणि मृत्यू दोन्ही घटतात, हे कमिशनने मान्य केले. त्याचबरोबर प्रत्येक बाटलीतील लशीची शक्ती सारखी राहत नाही, मात्रा नक्की करण्याची पद्धत सैल आहे, असेही ठपके ठेवले. ते काही खोटे नव्हते. कारकून आणि तीन शिपायांच्या खोलीतून निघालेले काम आता हुबळीसारख्या एकाच गावात तीस हजारांहून अधिक माणसांपर्यंत पोचले होते. काम वाढते तेव्हा त्यावरची नजरही वाढावी लागते, आणि नजर वाढवायला माणसे व पैसा लागतो. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले. ज्या मेजवानीच्या दालनांतून गव्हर्नरांचे पाहुणे वावरत होते तेथे आता बाटल्यांच्या रांगा लागल्या. लष्करी वैद्यकीय सेवेतील बऱ्याच इंग्रज अधिकाऱ्यांना, डॉक्टर नसलेल्या या रशियन ज्यूच्या हाताखाली काम करणे रुचत नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आणि मग १९०२ साल उजाडले. पंजाबात प्लेग भडकला होता. पंजाब सरकारने लाखो माणसांना टोचण्याची प्रचंड योजना आखली आणि परळकडे लशीची मागणी केली. पूर्वीच्या रीतीने, तुपाच्या थेंबांखाली सहा आठवडे वाट पाहत, एवढी लस वेळेवर होणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी जंतू वाढविण्याची अधिक जलद पद्धत घेतली आणि लशीत कार्बोलिक ॲसिड घालणे बंद केले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही अशीच रीत होती. नीट उष्णता दिली की ॲसिडाची गरज नाही, असे त्यांचे मत होते आणि शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ माणसांना लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या. त्यांपैकी ५३ एन या क्रमांकाच्या बाटलीतून १९ जणांना टोचले. आठवडाभरात त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. बाकीच्या चार बाटल्यांतून ज्यांना टोचले त्यांना काहीही झाले नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, तीत धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत, असा निष्कर्ष समितीने काढला. कार्बोलिक ॲसिड वगळले होते, तेही परवानगीवाचून, ही बाब हाफकिन यांच्या विरुद्ध गेली. त्यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते लंडनला गेले. ज्याने दोनदा स्वतःच्या अंगावर लस घेऊन पाहिली, त्याच्यावरच एकोणीस मृत्यूंचा ठपका आला.

पण चौकशीच्या कागदांत आणखी एक गोष्ट नोंदलेली होती. मुलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो विस्तवावर धरून तापवायला हवा होता. त्याऐवजी नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून त्यानेच बाटलीचे बूच काढले गेले. गावच्या जमिनीत, गुराढोरांच्या शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतातच. शिवाय ती बाटली भरल्याला ४१ दिवस झाले होते. इतके दिवस जर आत जंतू वाढत असते तर बाटलीला घाण वास सुटला असता, आणि टोचणाऱ्या डॉक्टरांना वास आला नव्हता. माणसे आजारी पडायलाही आठवडा लागला, तयार झालेले विष टोचले गेले असते तर ती लवकर पडली असती. हे सगळे मुद्दे कागदावर होते, पण १९०६ संपेपर्यंत ते कागद लोकांपुढे आले नाहीत.

लंडनमध्ये हाफकिन शांत बसले नाहीत. त्यांनी वृत्तान्त गोळा केले, तारखा जुळविल्या, तज्ज्ञांना पत्रे लिहिली. मलेरियाचा डासांशी संबंध सिद्ध करून नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. परळच्या प्रयोगशाळेवरचा आरोप सिद्ध झालेला नाही, उलट दोष बाटली उघडताना शिरल्याचा भक्कम पुरावा आहे, असे त्यांनी लिहिले. सह्या करणाऱ्यांत कलकत्त्याच्या बस्त्यांत त्यांचे काम पाहिलेले डॉ. सिम्सनही होते.

या प्रकरणात दोष नेमका कुणाचा, याचा मी बराच विचार केला. हाफकिन पूर्णपणे निर्दोष, असे म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. शोध लावणाराच उत्पादन करणारा आणि तोच त्याचा परीक्षक, अशी ती रचना होती. पद्धत बदलताना दुसऱ्या कोणाची नजर तिच्यावरून गेली असती तर पुढे बोट दाखवायला जागा राहिली नसती. पण पंजाब सरकारने मागणी करताना लाखांचे आकडे लिहिले, त्याबरोबर प्रत्येक गावात चिमटा तापवायला शेगडी आहे की नाही हे पाहायला कोणाला नेमले होते? परळहून निघालेली बाटली मुलकोवालच्या झाडाखाली उघडेपर्यंत तिच्यावर कोणाची नजर होती? मावशीबरोबर मी एकदा लसीकरणाच्या सत्राला गेले होते. तेथे परिचारिकेने शीतपेटीतील कुपी हातात घेऊन तिच्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचला आणि मावशीने तो लिहून घेतला. २०२१ मध्ये कोरोनाची लस घेताना आपल्या घरच्यांनी अर्धा तास बाकावर बसून काढला, त्या वेळी आपण कंटाळलो होतो. बाटलीवर ५३ एन हा क्रमांक नसता आणि कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले याची नोंद नसती, तर एकोणीस मृत्यूंचा दोष सगळ्या १०७ जणांना टोचलेल्या लशीवर, सगळ्या पाचही बाटल्यांवर गेला असता, आणि हाफकिन यांची बाजू मांडायला रॉस यांच्या हाती काहीच राहिले नसते.

मुलकोवालची बातमी पसरली आणि पंजाबात लस टोचून घ्यायला माणसे येईनाशी झाली. ती मोठी योजना कोसळली. १९०७ या एका वर्षात एकट्या पंजाबात सहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली. त्यांतली किती वाचली असती याचा हिशेब कोणी करू शकत नाही, पण उंधेऱ्याचे आकडे वाचल्यावर तो विचार मनातून जात नाही.

नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरी देऊ केली. परळची जागा तोवर भरलेली होती, म्हणून ते कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. पण गावोगाव जाऊन लस टोचण्याचे, तिच्या गुणाची परीक्षा करण्याचे काम त्यांच्याकडे राहिले नाही. ज्या माणसाची सारी बुद्धी प्रयोगशाळा आणि झोपडी यांच्यामधल्या वाटेवर खर्च झाली होती, त्याला आता खोलीत बसवून ठेवले गेले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १९१५ मध्ये, ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. लग्न त्यांनी केले नव्हते. उत्तरायुष्यात ते ज्यू धर्माचे आचार कसोशीने पाळू लागले, आणि आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांतील विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली.

परळहून १९२५ पर्यंत प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. त्याच वर्षी तेथील संचालक कर्नल मॅकी यांच्या सूचनेवरून प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. ते स्वतः तेव्हा फ्रान्समध्ये होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६४ मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले. त्यांच्या रोजनिशा आणि पत्रव्यवहार जेरुसलेमला जपून ठेवलेले आहेत. ज्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव लागले, तिची सूत्रे १९०४ नंतर त्यांच्या हाती पुन्हा कधीच आली नाहीत.